गोजीच्या डोळ्यातले सात डोळे

सात. सगळ्यांनी मोजले, मोठ्याने, एका सुरात. केळीच्या पानावर सात डोळे. साबुदाण्याएवढे, मधे काळा ठिपका, भोवती पांढुरकी चकती. ओले. बघणाऱ्याकडेच बघणारे.

आणि ते निघाले होते आमच्या गोजीच्या डोळ्यातून. गोजी म्हणजे माझ्या आईची चार महिन्यांची कालवड.

"मागे सरका, मागे सरका. नजर ताजी आहे," डोळेबाबा म्हणाला. "ताजी नजर उडी मारते."

लोक मागे सरकले. मीही सरकले. आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते मी, भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीत घरी शिकवण्या घेते, आणि तरीही सरकले. एक पाऊल. ते पाऊल अजून सलतंय.

जागा: उत्तनच्या वाटेवरचा आमचा पाडा, माझं माहेर. रविवार, सकाळचे अकरा, एप्रिल. अंगणात बांबूच्या वलांड्या, त्यांवर जबडा जबड्यात अडकवून सुकत घातलेले बोंबील, त्यांच्याखाली शंभरेक माणसं, पाच वासरं आणि माशा. माशा मोजल्या नाहीत.

बाबा: पांढरा झब्बा, काळा गॉगल. गॉगल का, तर "माझी दृष्टी थेट पडली की काच तडकते, मावशी. तीन मोबाइल गेले." भाषा तीन. "देखो, आपण कॅश घेत नाय. कॅश लेने का तो पाप छे. भक्तांसाठी दोन गोणी सुके बोंबील, बस. मी स्वतः प्युअर व्हेज आहे. भक्त खातात."

कृती, जशी दिसली तशी:

डबी उघडली. आत कोरडी काळी पूड, तिला तो अंजन म्हणायचा. त्यात बोट बुडवलं. वासराची खालची पापणी ओढून बोट आतून फिरवलं. लाल फडकं भिजवून डोळ्यावर बांधलं. दहा मिनिटं मंत्र. फडकं सोडलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून एकेक नजर टिपून पानावर ठेवली. मग तेच फडकं पुढच्या वासराच्या डोळ्यावर.

बाबाने पाड्यात हात लावलेलं पहिलं वासरू धर्माकाकांचं होतं. धर्माकाका म्हणजे पाड्याचा कारभार बघणारे. त्यांच्या वासराच्या डोळ्यातून मागच्या आठवड्यात तीन नजरा निघाल्या होत्या आणि ते बरं झालं होतं. म्हणून आज ही गर्दी.

गोजीच्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग. पाणी गळत होतं, पापणी उघडवत नव्हती.

"सातमधली सहा बाहेरची," बाबा म्हणाला. "सातवी घरातली. या घरात कोणी एकटी बाई आहे?"

एकटी बाई नाही असं घर पाड्यात एकही नसेल. निम्मे नवरे बोटीवर. पण आईच्या तोंडून निघालं, "सुलू."

सुलूकाकू. माझ्या वारलेल्या काकांची बायको, आईची धाकटी जाऊ. गोजी जन्मली तेव्हा तिला कोरडं करणारी, रोज पहाटे गोठा झाडून मग कामाला जाणारी. त्या वेळी ती मीरा रोडला ड्यूटीवर होती.

"तिने गोठ्यात पाऊल ठेवायचं नाय. हे पान तर तिला दाखवायचंच नाय, आपली नजर आपण बघितली की ती परत आत जाते. सात दिवस दवा नाय, डॉक्टरचा हात नाय. वासरू उन्हात बांधा, सूर्याकडे तोंड. मधे दवा घातली तर..." त्याने गॉगल सावरला. "दुसरा डोळा पण जाईल."

लोक पांगायला लागले तेव्हा मी पानावरची एक नजर रुमालात घेतली. का घेतली, ठाऊक नाही. पर्समध्ये टाकली आणि विसरले.

*

'पाडा एकता' या व्हॉट्सॲप ग्रुपवर, रविवार दुपार ते मंगळवार:

"बाबांच्या कृपेने आज एकूण १९ नजरा 🙏🙏"

"व्हिडिओ पुढे पाठवा, मुर्ध्याला पण वासरं आजारी हायत"

"आमच्या दोन वासरांना कालपासून पाणी गळतंय. रविवारी चांगली होती"

"म्हणजे नजर उडी मारून गेली. बाबा बोलले होते"

"🙏"

"आमच्या पण एकाला"

"बाबा गुरुवारी परत येतायत. सगळ्यांनी वासरं आणावीत"

*

बुधवारी गेले. गोजी अंगणाच्या मधोमध बांधलेली, तोंड उन्हाकडे, डोक्यावर बोंबील. डोळ्याभोवती माशांचं काळं कडं. तांदळाची कणी आता मसुराएवढी झाली होती.

"आई, हिला सावलीत घे."

"सात दिस सांगितलंय त्यांनी."

"दिसत नाही का तुला? वाढलंय ते."

"वाढूनच उतरतं, असं बोललेत." आई पदराने गोजीचा डोळा पुसत होती. हलक्या हाताने, लहान पोराचं नाक पुसावं तसा. मग उठून शेजारच्या गोऱ्ह्याचा डोळा पुसला, त्याच पदराने. "मना दोन्ही डोळं घालवायचं न्हाईत, रुचिता. एकावर निभावतंय तर निभावू दे."

भाईंदरच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नेहा यांना मी फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"हा डोळा दोन दिवसांत फुटू शकतो. फुटला की मग माझ्याकडेही काही नाही. आज आणता का?"

"आई हात लावू देत नाही."

"मालकाच्या परवानगीशिवाय मी सुई टोचू शकत नाही हो." "समजवा त्यांना. उद्यापर्यंत."

उद्यापर्यंत. समजवा. दोन बस बदलून मी मीरा रोडला उतरले ती सुलूकाकूशी बोलायला, कारण दुसरं कोणी सुचेना.

*

पूनम सागरजवळच्या ज्यूस सेंटरला काकू फालुदा लावायला असते. काउंटरमागे ओळीने बारा ग्लास, हात यंत्रासारखे. शेवया, सरबत, दूध.

"आलीस? बस. नजरेने पाहू नको म्हणतील, खालीच बघते," ती म्हणाली. "चार दिवस गोठ्याबाहेरून शेणाचा वास घेतेय. माझ्या नजरेत एवढी ताकद असती ना, तर आधी नळाकडे बघून पाणी आणलं असतं."

मी हसले नाही. बिलासाठी पर्स उघडली आणि रुमाल बाहेर आला. आत नजर नव्हतीच. रुमालाला चिकटलेला एक बारीक काळा कण.

"हे काय गं?" काकूने विचारलं.

"गोजीच्या डोळ्यातली नजर. सुकली बहुतेक."

तिने कण नखावर घेतला. मान वाकडी करून बघितला. मग पाण्याच्या ग्लासात सोडला आणि पुढचे चार फालुदे लावले. गिऱ्हाइकं गेली. तिने ग्लास माझ्यासमोर सरकवला.

तळाशी डोळा. काळा ठिपका, पांढुरकी चकती.

"सबजा," काकू म्हणाली. "रोज सकाळी पातेलंभर भिजवते मी. मला का दाखवलं न्हाय कोणी ते पान?"

तिलाच दाखवायचं नव्हतं ना, आणि तिच्या साध्या फोनवर व्हिडिओ येत नाही. बाबाला बिचाऱ्याला काय ठाऊक ही काय काम करते. आणि आम्ही बाकीचे? शंभर वेळा फालुदा प्यायलेलो. पण गुलाबी दुधात तो सबजा असतो. वासराच्या डोळ्यातून निघाला की...

काकूने कोरडा सबजा एका पाकिटात भरून घेतला.

*

गुरुवार, सकाळचे दहा. बाबा, गॉगल, डबी, फडकं. वासरं आता अकरा.

सुलूकाकू अंगणात शिरली. बायका बाजूला झाल्या, वाट करून दिली म्हणण्यापेक्षा अंग चोरून घेतलं.

"ही ती," बाबा म्हणाला. "बाहेर काढा. आज गोजीमाता को कुछ हुआ तो माझी जबाबदारी नाय."

"जाते ना. दहा मिनिटं उभी राहते आणि जाते," काकू म्हणाली. "धर्माभावोजी, हात पुढे करा."

धर्माकाकांनी सवयीने हात पुढे केला. देवळात तीर्थ घेताना करतात तसा. तिने पाकिटातून चिमूटभर काळं बी त्यांच्या तळव्यावर ठेवलं, वर तांब्यातलं पाणी शिंपडलं, मूठ मिटवली. मग शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला. तीर्थ घ्यायला नाही म्हणायची सवय आमच्या पाड्यात कोणालाच नाही. बघता बघता तीसेक मुठी मिटल्या.

"आता मंत्र म्हणा," काकू म्हणाली. "नका म्हणू. दोन्ही चालतं."

"शक्ती का अपमान है ये," बाबा म्हणाला. तो डबीचं झाकण लावत होता. "मला एक अर्जंट..."

"थांबा की महाराज," धर्माकाका म्हणाले. "माझी मूठ अजून मिटलेली हाय."

दहा मिनिटं. वासरं शेपट्या हापटत होती. मला वाटलं बी जुनं निघालं तर, पाणी कमी पडलं तर, गोजीचा डोळा आत्ता या क्षणी फुटला तर. आई माझ्याकडे बघत नव्हती.

"उघडा," काकू म्हणाली.

तीस तळहात. प्रत्येकावर दहा, पंधरा, वीस डोळे. ओले, ठिपक्याठिपक्यांचे.

मग मागून कोणीतरी: "माझ्या हातात कोणाची नजर हाय?"

"तुझ्या बायकोची. मोजून बघ, पगाराच्या दिवशी वाढतात," दुसरा म्हणाला, आणि हसू फुटलं. हसले नाहीत ते धर्माकाका. त्यांनी बाबाच्या हातातली डबी घेतली.

"डबी मत खोलो. दृष्टी जाएगी."

"जाऊ दे माझी," काका म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी डबीत ओतलं.

काजळी वर तरंगली. खाली काहीच दिसेना. मग एक डोळा. मग तीन. मग डबी काठोकाठ भरली आणि डोळे बाहेर ओघळायला लागले, काकांच्या बोटांवरून, मनगटावरून. काळ्या पुडीत काळं बी. वासराच्या आसवांनीच ते फुगत होतं, ओल्या फडक्याखाली, दहा मिनिटांत. एवढीच विद्या.

बाबा स्कूटरकडे निघाला. कोणी अडवलं नाही. आता वाटतं, अडवून पोलिसांना बोलवायला हवं होतं. तेव्हा सगळे आपापले तळहात बघत होते.

*

पण गोष्ट इथे संपत नाही. कारण आई अजून गोजीच्या दाव्याशी उभी होती.

"सबजा असेल," ती म्हणाली. "पण दवा घातली आन् दुसरा डोळा गेला तर?"

मी तोंड उघडलं. जिवाणू, बुबुळ, प्रतिजैविक, सगळं ओठांवर होतं. काकूने मला हातानेच थांबवलं.

"गेला तर माझं नाव घ्या, जाऊबाई," ती म्हणाली. "तसं घेतलंयच."

आईने तिच्याकडे बघितलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मग खाली वाकून गोजीचं दावं सोडलं, गाठ ओढली गेली होती, दातांनी सोडवावी लागली, आणि गोजीला गोठ्याच्या सावलीत नेलं. काकू दाराशी थांबली.

"आत ये," आई म्हणाली. "धरायला लागंल ना कोणीतरी."

मी डॉक्टरांना फोन लावला.

*

डॉक्टर नेहा तासाभरात आल्या. टॉर्च मारला, पापणी उलटून बघितली. "फुटला नाही अजून," म्हणाल्या. इंजेक्शन, मलम, डोळ्यावर जाड कापडाची पट्टी चिकटवली, ऊन आणि माशी आत जाऊ नये म्हणून. मग हात धुता धुता प्रश्न.

"हे वासरू उन्हात का होतं? यात उजेड सहन होत नाही. आणि बोंबलाखाली? हा रोग माशा पसरवतात, एका डोळ्यावरून उठून दुसऱ्यावर बसतात."

धर्माकाकांनी दारातून वलांड्यांकडे बघितलं.

"पाचाची अकरा कशी झाली चार दिवसांत?"

मी लाल फडक्याचं सांगितलं. प्रत्येक डोळ्याला तेच, ओलं.

"हं. आणि तुम्ही घरी कशाने पुसता?"

आईने पदर हातात घेतला, बघितला, आणि परत खोचला. त्याच पदराने ती गोजीसकट शेजारपाजारच्या वासरांचे डोळे पुसत होती, रोज, मायेने. माया खरी होती आणि रोगही खरा होता. बाबाने पसरवला तेवढाच आम्हीही.

"मग माझं कसं बरं झालं? पहिलंच वासरू होतं," धर्माकाकांनी विचारलं.

"सौम्य असला की बरेचदा आपला आपण बरा होतो. त्या वेळी शेजारी जो उभा असतो, श्रेय त्याला जातं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळेच होत नाहीत. हिचा होत नव्हता."

*

अकराही वासरांवर उपचार झाले. दोन वासरांच्या डोळ्यात डाग राहिला. एकाचा डोळा गेला. त्याचा मालक रविवारपर्यंत थांबला होता, सात दिवस पुरे करायला. तळहातावर सबजा बघूनही थांबला.

गोजीच्या डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा फूल होतंच. धुरकट. दिसतं का बघायला डॉक्टरांनी बाजूने हात डोळ्याजवळ नेला. गोजी हलली नाही. आठ दिवसांनी पुन्हा नेला. नाही. काकूने त्या रात्रीचं जेवण केलं नाही. तिसऱ्या वेळी हात काकूनेच नेला, वारा लागू नये म्हणून अगदी सावकाश, आणि गोजीने पापणी मिटली.

पुन्हा नेला. पुन्हा मिटली.

कोणीही, कुठेही, तुमच्या वासराच्या, मुलाच्या, तुमच्या स्वतःच्या अंगातून काही काढून दाखवलं, तर एकच विचारा: हे आत कधी गेलं, आणि त्याआधी कोणाचं बोट आत गेलं होतं? उत्तर मिळेपर्यंत पान, डबी, फडकं, काही नजरेआड होऊ देऊ नका. शंका घेतल्याने कोणाचा दुसरा डोळा जात नाही. वाट बघितल्याने पहिला जातो.

आणि विचारायला जाण्याआधी वासराला सावलीत बांधा.