उत्तरेच्या खिडक्यांतले ऊन

काँक्रीटच्या त्या नव्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. धुपाच्या धुरात खांब बुडाले होते. 'तेजोबंधू' म्हणवून घेणारा उपचारक हात उंचावून गरजला, "ज्याला बोलावणं, त्याच्यावर तेज! आणि तेज लाभल्यावर जो गोळी गिळेल, तो देवावर अविश्वास दाखवेल!"

वरच्या काळोखातून लखलखीत कवडसा उतरला आणि वास्तुकार बाईंच्या थोरल्या भावाच्या छातीवर स्थिरावला.

गेल्या रविवारी असेच तेज पडल्यापासून भावाने हृदयविकाराच्या गोळ्या बंद केल्या होत्या. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे बसणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींवरही महिन्यापूर्वी तेज पडले होते. त्यांनी इन्शुलिन सोडले आणि पंधरवड्यात त्यांची अंत्ययात्रा निघाली. "श्रद्धा कमी पडली," एवढेच तेजोबंधू म्हणाला होता.

हे चर्च बाईंनीच रेखाटले होते. खिडक्या उत्तरेला, जाड भिंतीत तिरक्या. ऊन थेट आत येऊ नये, भिंतीवरून मवाळ होऊन झिरपावे; खांबागणिक उजेड आणि सावली यांची लय चालणाऱ्याच्या पावलांना लागावी, ही त्यामागची योजना. मग हे धारदार ऊन आले कुठून?

"दादा, जरा सरक."

"गप्प बस गं. अंगात ऊब शिरतेय."

"सरक म्हणते ना!"

तो सरकला. कवडसा क्षणभर रिकाम्या जागेवर रेंगाळला, मग थरथरत, घाईघाईने त्याच्यामागे आला.

बाईंनी मान वर करून पाहिले. सूर्याचा हात थरथरत नाही.

स्वच्छ हवेत न दिसणारा झोत तेजोबंधूच्याच धुपाने दोरीसारखा उघडा पाडला होता. त्या दोरीचा माग काढत बाई जिना चढल्या. सज्ज्यावर गच्चीचे दार किलकिले होते. तिथल्या उन्हाच्या पट्ट्यात तेजोबंधूचा मेव्हणा दाढीचा आरसा धरून उकिडवा बसला होता.

"आणा इकडे. हात भरून आला असेल," बाई त्याला म्हणाल्या.

बाईंनी आरसा वळवला. तेज उड्या मारत तेजोबंधूच्या कपाळावर पडले.

"बोलावणं आलंय, बंधू!" सज्ज्याच्या कठड्यावरून बाई म्हणाल्या. "तुम्ही कोणती गोळी सोडताय?"

तेजोबंधूचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्या शांततेत गोळ्यांचे पाकीट करकरलेले सर्वांना ऐकू आले.

"पण ऊब खरी होती गं," खाली आलेल्या बहिणीला भाऊ पुटपुटला.

"खरीच होती, दादा. ऊन होतं ते." बाईंनी पर्समधून त्याची गोळी काढून तळहातावर ठेवली.

उजेडापुढे मान जरूर झुकवावी. पण औषध सोडण्याआधी तो कुठून येतो, हे मान वर करून पाहावे. शेजारच्या रिकाम्या जागेवरच्या मावशींना ते कोणी सांगितले नव्हते.