कुलपातली मी आणि दूरगावच्या त्या तिघी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, आणि आधीच सांगून टाकते, स्वभावाने चांगलीच जळकी आहे.

घरांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी कचेरीत माझी हयात गेली. कुठलं घर कुणाच्या नावावर, हे सगळं तिथल्या मोठ्या संगणकात. रोज संध्याकाळी कारकूनबाई त्याची नक्कल माझ्यात उतरवायच्या, मला फडक्यात गुंडाळायच्या आणि संगणकाच्याच कपाटात वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावायच्या. किल्ली साहेबांच्या खिशात. ही आहे तोवर काळजी नाही, असं साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी फुगून जायचे.

मग त्या तिघी आल्या. क्लाउडवरच्या नकला. तिघी तीन दूरच्या गावांत, आणि नोंदी इंटरनेटवरून आपोआप त्यांच्याकडे जायच्या. ना फडकं, ना कुलूप! कारकूनबाई मला विसरू लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्यांचं तोंडही कुणी पाहिलं नाही, त्यांचं एवढं कौतुक? एकदा यांची फजिती होऊ दे, एवढंच मी मागायचे.

एका सकाळी गच्चीवरची टाकी फुटली आणि पाणी छतातून थेट कपाटात उतरलं. संगणक बुडाला. त्याच्यासोबत मीही.

नेमक्या त्याच दिवशी एक शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. नवरा वारल्यापासून दीर घर आपलंच म्हणत होता. दुपारी सुनावणी होती. नोंदीचा उतारा मिळाला नाही, तर ताई लेकरांसह रस्त्यावर येणार होत्या. साहेबांनी मला पुसून दुसऱ्या संगणकाला जोडलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण नुसती खरखर झाली.

साहेब मटकन खाली बसले. म्हणाले, "कुलूप चोराला लावलं होतं मी. पाण्याला कुठलं लावणार होतो?"

कारकूनबाईंनी दूरची नक्कल उघडली. त्या तिघींपैकी एकीने उतारा दिला. ताईंनी त्यातल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं, डोळे पुसले आणि त्या पडद्याला हात जोडले. पडद्याला! मी शेजारीच ओली पडले होते.

अजूनही जळते मी. पण त्या तिघी माझ्याच फळीवर असत्या, तर ताईंचं घर गेलं असतं, हे मलाही कळतं. म्हणून मित्रांनो, जिवापाड जपायचं ते सगळं एकाच छपराखाली ठेवू नका.

परवा नवी डिस्क आली. नक्कल उतरवून झाल्यावर तिला मोहोरबंद करून गावाबाहेरच्या कचेरीत ठेवायला नेलं. मला तसं एकदा जरी नेलं असतं ना, तर त्या दिवशी ताईंनी हात मला जोडले असते.