उजवा कौल

देवीने उजवा कौल दिला हे कळलं आणि मालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा राग देवीवर नव्हता, देवीच्या आडून बोलणाऱ्यांवर होता.

गावाच्या डोक्यावरचं जंगल सरकारी, आणि सरकारला ते आता विकायचं होतं. जंगल नुसतं पडून आहे, एका कंपनीला तिथे बंगले बांधायचेत, गावाने ग्रामसभेत संमती तेवढी द्यावी, असं सांगून तालुक्याचे साहेब गेले. पडून आहे म्हणे. ऐन, किंजळ, कुंभा ताठ उभे आहेत, ते साहेबांना पडलेले दिसले. ज्याला राखायला ठेवलं त्यानेच विकायला काढायचं, याला आपल्याकडे कुंपणाने शेत खाणं म्हणतात.

देवस्थानचे पहिले मानकरी, म्हणजे गावकार, रावजी. त्यांनी स्वतः हो किंवा नाही म्हणायचं टाळलं आणि कौल लावला. भिवा गुरवाने देवीच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या, रावजींनी गाऱ्हाणं घातलं, आणि उजवीकडची पाकळी आधी पडली. झाला होकार. कंपनी देवळाला नवा सभामंडप बांधून देणार होती, तेवढं गाऱ्हाण्यात सांगायचं राहून गेलं. देवीला ते ठाऊक असेलच, असं धरून चालले असतील.

मालन बौद्धवाडीतली. या वाडीला देवळात मान नव्हता आणि तो मागायलाही कोणी जात नव्हतं. जमीन म्हणावी तर घराखालची तेवढी. पण जंगलातल्या झऱ्याला नळी जोडून वाडीने पाणी दारात आणलं होतं, आणि त्यासाठी कोणाच्या विहिरीवर तोंड वेंगाडावं लागलं नव्हतं. जंगल गेलं की ते पाणी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

ग्रामसभेत रावजी म्हणाले, "देवीनं उजवा दिलाय. आता मानसानं काय बोलायचं? हात वर करा, म्हंजे झालं."

मालन उभी राहिली. "देवीला इचारलंत, गावकार. आमाला कदी इचारनार?"

"खाली बस गो, मालन. देवीच्या म्होरं जायचं नाय."

"मी देवीच्या म्होरं जात नाय नि मागं बी जात नाय. जंगल देवीचं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. ते सरकारी हाय. म्हंजे जेवडं तुमचं, तेवडंच माजं. ह्या गावात माजा बरोबरीचा वाटा असलेली तेवडीच एक जागा हाय. ती तुमी पाकळी लावून इकताय. नि सरकारला तरी इकायचा हक कोनी दिला? राखनदार म्हून ठेवलाय त्येला, मालक म्हून नाय."

मुंबईहून खास आलेले गावच्या मंडळाचे लोक मोबाइलमध्ये बघत बसले. ज्यांच्या बायका त्याच जंगलातून मोळ्या आणत होत्या, तेही मिठाची गुळणी धरून बसले. हात वर गेले. वाडीचे हात खाली राहिले, पण ते होतेच किती? मालन घरी आली ती दाराला लाथ मारूनच आत शिरली.

पावसाळा सरला आणि जंगलाभोवती कंपनीचं तारेचं कुंपण उभं राहिलं. दुसऱ्याच आठवड्यात वाडीची नळी तोडून झरा कंपनीच्या टाकीत सोडला. मालन रावजींच्या अंगणात जाऊन भांडली. रावजी म्हणाले, "देवीची इच्छा." तेव्हापासून वाडीतल्या बाया नदीवरून हंडे वाहत होत्या, आणि प्रत्येक खेपेला मालन रावजींच्या सात पिढ्या उद्धरत होती.

मग भात झोडून झालं आणि राखण द्यायची वेळ आली. गावाची राखण करणारा देव तो राखणदार, आणि त्याचा दगड जंगलात, झऱ्याच्या अंगाला. दरवर्षी त्याला कोंबडा द्यायचा, ही रीत. गावाने देवीला जंगलाचं विचारलं होतं, पण आपला राखणदार त्याच जंगलात बसलाय हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. देवाच्या ठिकाणी आपल्याला कोण अडवतंय, अशीच सगळ्यांची समजूत. रावजी, भिवा आणि बारा मानकरी ढोल वाजवत वर गेले. कंपनीच्या पहारेकऱ्याने फाटक उघडलं नाही. खासगी मालमत्ता आहे, म्हणाला. कोंबडा जसा गेला तसा परत आला.

दुसऱ्या दिवशी रावजी मालनच्या दारात उभे. जन्मात पहिल्यांदा.

"मालन, कचेरीवर जायचं ठरलंय," ते म्हणाले. "तुमची वाडी आली तर सायेबाला ऐकावं लागंल. गाव एक हाय म्हून सांगू."

"नळी तोडली तवा गाव एक नव्हतं?"

रावजींनी खांद्यावरचा पंचा सारखा केला.

"मी येईन," मालन म्हणाली. "वाडीला बी आनीन. तुमच्या दगडासाठी नाय, पान्यासाठी. नि सायेबासमोर पयल्यांदा मी बोलनार. कबूल असंल तर सांगा."

"कबूल," रावजी म्हणाले. मग अडखळले. "पन तवर राखनीचं काय करायचं? राखन चुकली तर गावाला बरं नाय."

मालनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. साठीतला माणूस, खरंच घाबरलेला. तिला दया आली नाही.

"कुंपनाच्या भायेर उबं ऱ्हायचं," ती म्हणाली. "तितनंच हात जोडायचे. कोनी परसाद टाकला तर वंजळ पसरायची, पन तारंला हात लावायचा नाय. धर्म बदलायच्या आदी माजा सासरा तुमच्या बापाच्या राखनीला असाच उबा ऱ्हायाचा. किती लांब, ते सासूनं मला दावलंय. चला, जागा दावते."

रावजी अंगणातून हलले नाहीत. राखणीचं त्यांनी पुन्हा विचारलं नाही.