पहिली बादली

थोरलीने निळीची शेवटची पुडी दातांनी फोडली आणि तळ्यात झटकली. पाण्यावर आधी नुसती भुकटी तरंगली. मग तिने काठीने ढवळलं, तसा रंग धावत सुटला. भर दुपारची वेळ होती. चर खणायला आलेली सगळी माणसं खाली झाडाखाली जेवायला बसली होती.

तळं तिच्याच रानातलं. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्याच्या वाट्याला उताराचा दगडमाथा आला आणि धाकट्याच्या वाट्याला पायथ्याची काळी जमीन. पुढे गावाने मिळून डोंगरावरचं पाणी अडवायचं ठरवलं. असलं काम माथ्यापासून सुरू करायचं असतं, म्हणून पहिले चर तिच्या रानात, पहिला बांध तिच्या रानात, आणि हे तळंही. तिने पाठीचं धनुष्य होईतो माती वाहिली. पावसाचं पाणी तिच्या रानात थांबलं, मुरलं, आणि गुपचूप खाली जाऊन जावेच्या विहिरीत वर आलं.

तिच्या लिंबोण्या मात्र पानं मुडपून उभ्या होत्या. तळं पाणी मुरवायसाठी. त्यातून उपसा करायचा नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं.

“काय पायगुण आहे धाकटीचा!” बायका म्हणायच्या. “विहीर बघा कशी तुडुंब भरली.”

थोरली हसून ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. आयत्या बिळावर नागोबा, आणि आरती नागोबाची!

“एक पाइप माग की तिच्याकडे,” नवरा म्हणाला होता. “नाही म्हणायची नाही ती.”

“मागू? माझंच पाणी मी हात पसरून मागू?”

“पाण्यावर काय तुझं नाव लिहिलंय?”

त्यावरूनच तिला नीळ सुचली. नाव लिहिता येत नव्हतं, पण रंग तर देता येत होता. जावेच्या विहिरीत निळं पाणी उतरलं की चारचौघांत म्हणता येईल, बघा आता कुणाचं आहे ते. मग मागायचं कशाला? हक्काने घ्यायचं.

काठी झुडपात फेकून ती खाली आली. धाकटी सगळ्यांना पाणी वाढत होती. थोरलीसमोर येताच ती थबकली.

“जाऊबाई, ओठाला निळं काय लागलंय?”

“कपडे धुतले सकाळी.”

“तोंडाने?”

शेजारी बसलेल्या बायका खुदकन हसल्या. थोरलीने भांडं तोंडाला लावलं ते रिकामं झालं तरी खाली घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेच जावेच्या विहिरीवर जाऊ लागली. पिण्याचं पाणी सगळी आळी तिथूनच नेई, तेव्हा कुणी हटकायचा प्रश्न नव्हता. धाकटीचं दार तेव्हा उघडलेलंही नसायचं. पहिली बादली शेंदायची, ओंजळीत पाणी घ्यायचं, उजेडाकडे धरायचं. तळहाताच्या रेषा लख्ख दिसायच्या.

तळं रोज निळं ते निळंच. मातीने पाणी जाऊ दिलं होतं आणि रंग वरच अडवून ठेवला होता. तूसुद्धा तिच्याच बाजूची, थोरली मातीला मनात म्हणाली. देवापुढे हात जोडून ती लिंबोण्यांसाठी मागायची. पण हल्ली डोळे मिटले की विहीरच दिसे, आणि ती आटलेली दिसली की जिवाला बरं वाटे. मग दचकून ती पहिल्यापासून प्रार्थना सुरू करी.

गाळ काढायच्या दिवशी सगळे तळ्यावर जमले. कामाचा म्होरक्या एक गवंडी होता. त्याचं बांधकाम सरळ आणि बोलणंही सरळ, म्हणून त्याला सगळे ओळंबा म्हणत.

“आभाळ सांडलंय का रे इथं?” कुणीतरी म्हणालं.

“धुवायला काढलं असेल. मळलं होतं फार!”

हशा पिकला. ओळंबा हसला नाही.

“गुरं तोंड लावतात यात. सगळ्यांनी घाम गाळून केलेलं काम आहे हे. कुणी केलं ते आत्ता सांगा, नाहीतर उद्यापासून मी दगडाला हात लावायचा नाही.”

थोरलीने मुठी मिटल्या. नखांत अजून निळं होतं.

“कुणी का केलं असेना,” धाकटी म्हणाली. घमेल्यात गाळ भरत होती, मान वर केली नाही. “पण त्यातून कळलं तर खरं. परवा पहाटे पहिलीच बादली ओढली, तर पाणी निळसर. म्हटलं, डोळ्यांवर झोप असेल. पुन्हा पाहिलं, तर निळंच. म्हणजे माझ्या विहिरीत येतं ते या तळ्याचं. जाऊबाईंच्या रानातलं.”

फावडी थांबली.

“मग पाण्याची वाट कळली म्हणायची,” ओळंबा सावकाश म्हणाला.

“कळली ना. तर आता त्यांच्या लिंबोण्यांना माझ्या विहिरीवरून पाइप टाकायचा. मी देतेय असं नाही. त्यांचंच आहे ते.”

“बरं. पण असला चावटपणा पुन्हा नको,” ओळंबा म्हणाला, आणि माणसं गाळाकडे वळली.

थोरली उभीच राहिली. परवा पहाटेची पहिली बादली तिनेच ओढली होती. धाकटीचं दार बंद होतं. पाणी काचेसारखं होतं.

तिला हवं ते सगळं मिळालं होतं, चारचौघांत, हक्काने. ‘नव्हतं निळं,’ हे शब्द जिभेवर आले. उतारावर मुडपलेल्या पानांची रांग दिसत होती. शब्द तिने गिळले, आणि पोटात पुन्हा तेच जुनं दुखणं उठलं. विहीर हिची भरलेली. निदान मन तरी कोतं असायचं होतं!

घमेली हातोहात पुढे जाऊ लागली. धाकटी तिच्या शेजारीच येऊन उभी राहिली.

“नखांतलं निघत नाही ना?” ती हळूच म्हणाली. “लिंबू चोळा, जातं.”

“लिंबं आहेत कुठं?” थोरली फणकारली.

“लागतील आता.”

थोरलीने तिच्या हातातून घमेलं जवळजवळ हिसकावलंच. निळसर गाळाने ते काठोकाठ भरलं होतं. पुढे ओळंबा हात पसरून उभा होता. बोटं न लपवता तिने ते त्याच्या हातात दिलं.