सखारामभाऊंची नवी लाइन

पन्नास वर्षं शालूबाई उठल्याउठल्या आधी चहाचं आधण ठेवत आली होती. गेल्या दिवाळीपासून मात्र तिची पहिली फेरी बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या कॉम्प्युटरपाशी होऊ लागली. कॉम्प्युटर रात्रभर पेंगत असे. एक बटण दाबलं की जागा होई आणि पडद्याच्या मधोमध तीच चौकट दाखवी. तुमची यंत्रणा जुनी झाली, नवी घ्यायची का, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं, हे तिला मुलानं, राजेंद्रनं, फोनवर सांगितलं होतं. उजवीकडचं बटण म्हणजे 'नंतर'. शालूबाई खुर्चीत बसून चष्मा नाकावर ओढायची, 'नंतर' दाबायची, खुर्ची होती तशी लावायची आणि मग चहाकडे वळायची.

थोड्या वेळानं सखारामभाऊंच्या काठीचा आवाज यायचा.

काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले त्याला आता चार वर्षं झाली. खिडकी कुठं आहे एवढं उजेडावरून कळे, बाकी सगळा धुरळा. आंघोळीचं पाणी शालूबाईनं काढायचं, सदऱ्याची गुंडी तिनं बघायची, ताटात भाजी कुठल्या बाजूला आहे ते तिनं सांगायचं. ज्या माणसानं उभा जन्म बोरघाटात इंजिन चालवलं, तो चपला शोधताना पायानं जमीन चाचपू लागला की शालूबाई मुद्दाम दुसरीकडे बघायची. त्यांना दिसत नव्हतं, पण आपण बघतोय हे कळत असणार, असं तिला वाटे.

एक काम मात्र भाऊ कुणाचा हात न लागता करत. सकाळी कॉम्प्युटरपुढे बसून बेडशाच्या भजनाची टेप लावणं.

बेडसं हे त्यांचं गाव. तिथल्या भजनी मंडळात त्यांचा थोरला भाऊ धोंडिबा गायचा. आवाज असा, की लेण्यांच्या पायऱ्या चढणारा माणूस पायऱ्या विसरून वळून बघायचा. धोंडिबा गेला, मृदंगवाला गेला, मंडळातली निम्मी माणसं गेली. पण त्याआधी सखारामभाऊंनी एका सप्त्यात टेपरेकॉर्डर नेऊन सगळं भरून आणलं होतं, आणि पुढं राजेंद्रनं ते कॉम्प्युटरात घातलं. डोळे अधू होत चालले तसे भाऊ ती वाट हातानं पाठ करत गेले. माऊस डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात ढकलायचा, पुढं जायला जागा उरत नाही तिथं दाबायचं. मग बाणाच्या बटणानं इतक्या पायऱ्या खाली, एक पायरी उजवीकडं, आणि मोठं बटण. धोंडिबाचा आवाज खोलीत आला की भाऊ पाठ टेकून बसत. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जुना ड्रायव्हर दिसायचा.

म्हणून त्या चौकटीची शालूबाईला धास्ती होती. वाटेत ती आडवी आली, तर हाताला पाठ झालेली सगळी वाट मोडणार. आणि यंत्रणाच बदलली तर? तेव्हा तर वाटच राहणार नाही.

माघ लागला आणि एक दिवस चौकट उशिरा आली. शालूबाई बघून गेली तेव्हा पडदा साफ होता. ती दूध गाळत असताना बाहेरच्या खोलीत बटणांचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला. मग बराच वेळ काहीच नाही.

"अगं," भाऊंची हाक आली. आवाज मोठा नव्हता. "जरा बघ. लाइन बंद हाय."

ती धावत गेली. चौकट या वेळी सगळा पडदा व्यापून बसली होती, आणि भाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते, दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

रविवारी राजेंद्र तळेगावहून आला. सुट्टीला लोणावळ्यात आलेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, म्हणून स्टेशनपासून चालतच. तळेगावच्या कारखान्यात तो मशीनच्या देखभालीवर होता, त्यामुळे जुनं झालेलं काहीही त्याच्या डोळ्यांना सलायचं. आल्याआल्या त्यानं स्वैपाकघरातच विषय काढला.

"आई, आता 'नंतर' बास झालं. जुन्या यंत्रणेची राखण कंपनीनं बंद केलीय. आबांच्या पेन्शनचं, बँकेचं सगळं त्याच्यात आहे. उद्या कुणी आत शिरलं म्हणजे?"

"आणि भजनं?"

"ती मी कधीच पेनड्राइव्हवर काढून ठेवलीत. भजनांना काही होत नाही."

"भजनांचं मी कुठं म्हणते?" शालूबाईनं लाटणं खाली ठेवलं. "त्यांच्या हाताचं काय?"

राजेंद्रलाही ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "डाव्या कोपऱ्यातलं बटण मी डावीकडंच ठेवीन, ते जमतं. पण आतली मांडणी वेगळी आहे, ती नाही मला बदलता येत. तर मग असं करू. मी मोबाइलवर भजनं घालून देतो. तू सकाळी नुसतं बोट लाव."

"मग लावणारी मी झाले. ते नाही झाले."

"आई, आबा शहात्तर वर्षांचे आहेत."

"म्हणूनच," शालूबाई म्हणाली. "बाकी सगळं दिलं त्यांनी डॉक्टरच्या, तुझ्या, माझ्या हातात. एवढंच ठेवलंय स्वतःकडं. तेही काढून घेऊ?"

"काय ठरलं गं मायलेकरांचं?" बाहेरच्या खोलीतून भाऊ ओरडले. "का माजा निकाल मला पोष्टानं कळवनार?"

दोघं बाहेर आली. राजेंद्रनं वडिलांपुढं स्टूल ओढून सगळं नीट सांगितलं. यंत्रणा का बदलायची, काय हरवेल, काय राहील. नव्या यंत्रणेत सगळं मराठीत करता येईल, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाजही बसवता येईल, हेही सांगितलं.

"बाईचा आवाज का बाप्याचा?"

"बाईचा, आबा."

"मग नगं. एक हाय घरात." भाऊंनी मान शालूबाईच्या दिशेनं वळवली. "ती तरी ऐकल्यावर उत्तर देती."

"राजा, नको बदलूस," शालूबाई एकदम म्हणाली. "चालतंय तोवर चालू दे. मी आहे ना चौकट काढायला."

म्हटलं आणि तिनं जीभ चावली. रोजची फेरी तिनं कधीच बोलून दाखवली नव्हती.

भाऊ हसले. "व्हय, हायेस की. रोज माज्या आधी येऊन जातीस."

"कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? सकाळी बसतो तवा गादी ऊन आसती. घरात मांजर न्हाई. मग बसलं कोन?"

एवढे दिवस शालूबाईला वाटत होतं की आपण त्यांना फसवतोय, आणि ते तिच्या फसवण्याला सांभाळून घेत होते.

"बोलला का नाहीत मग?"

"तू एवढी थंडीत उठून येतीस. बोललो आसतो तर उठाय लाजली आसतीस." भाऊंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "राजा, तुला सांगतो. मी बँकर चालवला. घाटात गाडीला मागून ढकलायचं इंजिन. म्होरं बघावं तर शेवटच्या डब्याची पाठ, दुसरं काय न्हाई. रस्ता म्होरल्या ड्रायवरला दिसायचा. तरी कर्जतापासनं लोणावळ्यापतुर कुटं जोर लावायचा आन कुटं सोडायचा, ते पायाखालनं कळायचं. पन ते कळतंय कधी? आधी शिकल्यावर. नव्या लाइनीवर ड्रायवरला कुनी एकदम गाडी देत न्हाई. दुसऱ्या ड्रायवरच्या शेजारी हुबं राहून खेपा करायच्या, दिवसा एक, राती एक. रस्ता वळखीचा झाला की सही करायची, की मला हा मार्ग ठावा हाय. मग चूक झाली तर आपली. माजं डोळं गेलं तवा कुनी इचारलंच न्हाई, नवा रस्ता शिकनार का म्हनून. घाला नवं. मी खेपा करतो."

"आणि नाही जमलं तर?" शालूबाईनं विचारलं.

"न्हाई जमलं तर न्हाई जमलं. पन तू रोज थंडीत माज्या म्होरं दगडं उचलीत फिरनार, त्याला काय ड्रायवर म्हनत्यात?"

दुपारभर राजेंद्र कॉम्प्युटरशी झटत बसला. शालूबाई दारातून बघत राहिली, आत घरच्या माणसाचं ऑपरेशन चालू असल्यासारखी. संध्याकाळच्या पुणे लोकलनं तो गेला तेव्हा पडद्यावर निळ्या फुलासारखं काहीतरी उमललेलं होतं आणि सगळी नावं मराठीत होती. राजेंद्रनं आईला दोनदा वाट दाखवली होती. मोबाइलवर त्याचा एक छोटा व्हिडिओही करून ठेवला होता.

सोमवारी पहिली खेप झाली. भाऊ ड्रायव्हरच्या जागी, शालूबाई शेजारी स्टुलावर. भाऊंनी नियम सांगितला. शेजारच्यानं सिग्नल पुकारायचा, ड्रायव्हरनं तोच परत म्हणायचा, म्हणजे दोघांनी तेच पाहिलं याची खात्री.

"सुरुवातीचं बटण," शालूबाई म्हणाली.

"सुरुवातीचं बटान," भाऊ म्हणाले.

त्यांनी म्हटलं म्हणजे दाबलं, अशा समजानं शालूबाई पुढं गेली. "संगीत."

"संगीत."

"दोन घरं खाली."

"दोन घरं खाली."

असं पाचसहा सिग्नल पुकारून झाले. पडदा जिथल्या तिथं.

"अहो, तुम्ही काही दाबताय की नाही?"

"तू 'जाऊ द्या' म्हनल्याबिगर कसा हालू? सिग्नल म्हनला, गाडी सोडाय नगं?"

"मला काय ठाऊक तुमचं रेल्वेचं! नोकरीभर डबा भरून दिला, इंजिनात कुठं बसवलंत कधी?"

भाऊ खो खो हसत सुटले. हसताहसता हात कुठंतरी पडला आणि पडद्यावर लोणावळ्याचं हवामान उघडलं. धुकं, असं शालूबाईनं वाचून दाखवलं. "त्ये तर मला बी दिसतंय की," भाऊ म्हणाले, आणि पुन्हा हसले.

त्या दिवशी भजन लागलं नाही. दुसऱ्या दिवशी लागलं, पण शालूबाईच्या हातानं. तिनं न राहवून त्यांचं बोट धरून योग्य बटणावर ठेवलं होतं. धोंडिबा गायला लागला तरी भाऊंनी पाठ टेकली नाही. टेप अर्ध्यावर त्यांनीच बंद करवली. शालूबाईनं जेवताना दोनदा राजेंद्रला फोन करायचं मनात आणलं, की बाबा, परत जुनं घाल. केला नाही.

त्यापुढच्या खेपांना ती स्वतःचे हात पदरात गुंडाळून बसली. नुसतं बोलायचं. भाऊ चुकत, परत कोपऱ्यापासून सुरुवात करत, मध्येच "थांब, आत्ता बोलू नगंस" म्हणत. हळूहळू तिला पुकारायला कमी लागू लागलं. कधी ते तिच्या आधीच म्हणत, कधी दोघांचं एकदम निघे.

मग एका सकाळी ती स्टूल ओढून बसणार, तोच भाऊ म्हणाले, "आज तू उतर."

"अजून नाही नीट झालंय तुमचं. काल दोनदा हवामानात गेलात."

"जाईन. माघारी ईन. उतर."

ती उतरली. स्वैपाकघरात गेली, तिथं जीव ठरेना, म्हणून मागच्या अंगणात आली. धुक्यात कुंपणाची तगर तेवढी दिसत होती. आतून भाऊंचा आवाज ऐकू येत होता. पुकारणाराही तेच आणि परत म्हणणाराही तेच. "संगीत." "संगीत." मग गप्प. मग शिवी, बारीकशी. मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा कुठल्यातरी जाहिरातीचा ढोल वाजला आणि बंद झाला. शालूबाईचा पाय उंबऱ्याकडे वळला. तिनं तो मागं घेतला आणि तगरीची वाळकी पानं खुडायला लागली. वाळकी संपली तेव्हा हिरवीही चारदोन खुडली गेली.

बराच वेळ गेला. चहा करायचा राहिला होता. आणि एकाएकी, सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, धोंडिबानं तान घेतली.

पलीकडच्या बयाबाईनं दचकून कुंपणावरून डोकं वर काढलं. हातात पाण्याची कळशी.

"आगं बया! किती दिस झालं, बंद व्हतं की. मला वाटलं भाऊ पडलं का काय. इचारीन इचारीन म्हनत व्हते." तिनं कळशी कडेवर घेतली. "आन आज येवढं मोठ्यानं? तुला दमानं लावता येत न्हाई व्हय गं?"

"मी ही तुझ्यापुढं उभी आहे," शालूबाई म्हणाली. तिला पदरानं डोळे पुसावे लागत होते आणि ती हसतही होती. "मी कशी लावीन?"