सर्व्हिस कुणाच्या नावानं

प्रतिभानं सर्व्हरच्या पेटीवरचा झेंडूचा हार बाजूला सारला आणि पुन्हा 'सुरू करा'वर क्लिक केलं. पुन्हा तेच. पेटी गुरगुरत होती, दिवे लागत होते, पण दुधाची नोंद घेणारी सर्व्हिस, म्हणजे आतला प्रोग्राम, काही केल्या उठेना.

खंडेनवमी होती. नाशिकजवळच्या या दूध संकलन केंद्रात वर्षातून एवढाच एक दिवस, सकाळचं दूध गेलं की, सगळी यंत्रं बंद करून पुसायची आणि पुजायची पद्धत. एरवी सर्व्हर कधी बंद होतच नसे. आता संध्याकाळचं दूध दारात आलं होतं आणि नोंदीशिवाय एकही कॅन गार टाकीत जात नव्हता. ऑक्टोबरचं ऊन, दूध थोडंच वाट बघतंय! रांगेतल्या भागीबाईनं खिडकीतून विचारलं,

"नासंल ना गं पोरी?"

मालक अश्विनशेठ येऊन 'कर काहीतरी' एवढंच म्हणून गेले.

विचारावं असं एकच माणूस होतं, आणि नेमकं त्यालाच फोन करायचं प्रतिभाच्या जिवावर आलं होतं. भारत सरांनी तिला हे काम बोट धरून शिकवलं होतं. उन्हाळ्यात 'एका माणसात भागतंय' म्हणत शेठनी सरांना घरी बसवलं, तेव्हापासून लाजेपायी तिनं त्यांची साधी चौकशीही केली नव्हती. पण आज लाज धरून बसली असती तर लोकांचं दूध गटारात गेलं असतं. तिनं नंबर लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर्व्हिस कुणाच्या नावानं लॉगिन करते, ते बघ."

तिनं पाहिलं.

"तुमच्या, सर. पण ते खातं बंद आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी मीच केलं."

"बरोबर केलंस. चूक माझी. घाईत माझं नाव घातलं, ते तसंच राहून गेलं."

चालू होती तोवर सर्व्हिस चालत राहिली. आज बंद केल्यावर पुन्हा आत शिरायला नाव लागलं, आणि ते उरलंच नव्हतं. सरांनी दोन वाटा सांगितल्या. कुणाच्याच नावाचं नसलेलं नवं खातं उघडायचं, म्हणजे उद्या कुणीही आलं तरी काम अडणार नाही. नाहीतर तिनं स्वतःचं नाव घालायचं.

"तुझं घातलंस तर शेठ तुला सहजासहजी काढणार नाहीत," सर म्हणाले. "तुझं तू ठरव."

प्रतिभाच्या घरात कमावती ती एकटीच. तिनं आपल्या नावाची दोन अक्षरं टाइप केली. खिडकीबाहेर भागीबाई कॅनवर ओलं गोणपाट पांघरत होती. आज ना उद्या आपणही जाणारच, तिला वाटलं, आणि तेव्हा हीच बाई इथं अशीच उभी असेल. तिनं ती अक्षरं पुसली.

थोड्याच वेळात सर्व्हिस उठली, कॅन पुढे सरकू लागले. शेठ आत आले. काय बिघडलं होतं ते ऐकून, आता कुणाच्या नावानं केलंस, म्हणून विचारलं.

"कुणाच्याच नाही. आता कुणालाही चालवता येईल."

शेठनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, 'छान' म्हणाले आणि गेले. तिनं टेबलावरचा फोन पुन्हा कानाला लावला.

फोन चालूच होता.

"काय नाव घातलंस?" सरांनी विचारलं.

"दूध."

सर हसले, पण आवाज ओला होता.

"वेडी आहेस. उद्या दसरा. जेवायला घरी ये."