परत मागवलेली

मी एक पॉवर बँक बोलतेय. बोलतेय म्हणजे कसंबसं. अर्धी जळलेय, वाळू भरलेल्या डब्यात पडलेय, आणि कुणाला द्यायला आता अंगात काही उरलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात दोन पातळ पट्ट्या गुंडाळून बसवलेल्या आणि त्यांच्यामध्ये कागदाहून पातळ पडदा. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या दोन जावा एका घरात नांदवाव्यात, तसं. पडदा धड असेल तोवर घर शांत. माझ्या पडद्याला गुंडाळतानाच चुणी पडली. सगळे घाईत होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. वरून गुळगुळीत निळं कवच चढवलं आणि मला बाजारात पाठवलं.

मला ताईने घेतलं. ताई डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिची धाकटी बहीण शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नाही. समोरचा बोलला की तिच्या फोनवर अक्षरं उमटायची, ती वाचून ती टाइप करून उत्तर द्यायची. फोन जुना, दुपारीच मान टाकायचा. म्हणून मी.

तेव्हापासून मला उसंत नाही. बसमध्ये, मशिनीशेजारी, जेवताना, सतत ओतत राहायचं. माणसं सुट्टीच्या दिवशी तरी पाय पसरतात. धाकटी सुट्टीला मैत्रिणींशी व्हिडिओवर हातवारे करत गप्पा मारायची, म्हणजे मला दुप्पट काम. तक्रार नव्हती, पण थकवा यायचा. आणि थकले की मी तापायचे.

एका सकाळी ताईने फोनवर बातमी वाचली आणि हातातला चहा ठेवून मला उलटी केली. पाठीवरचा नंबर घासून पुसट झाला होता. खिडकीशी नेऊन तिने तो वाचला.

"हीच ती!" हातांनी बोलताना ताई तोंडानेही बोलायची. "कंपनीने परत मागवल्यात. तापून पेट घेतात म्हणे. वापरू नकोस."

धाकटीने मला गालाला लावून पाहिलं. मग तिची बोटं भराभर चालली आणि ताई ती मोठ्याने वाचत गेली, "कोमटच तर आहे... आणि दुसरी मिळेपर्यंत कारखान्यात खांबासारखी बसू का, म्हणतेस?"

ताईने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "शनिवारी जाऊन बदलून आणू. तोवर जपून."

माणसांचं हे मी फार पाहिलंय. धोका त्यांना कळतो, पण तो शनिवारपर्यंत दम धरेल असं वाटतं. त्या शनिवारी ताईला जादा काम लागलं. पुढच्या शनिवारी पाहुणे आले. इकडे माझं पोट फुगत चाललं, कवचाची कड उकलली. धाकटीने मला रबर लावलं आणि कामाला जुंपलं.

मग एका दुपारी मी फोनला जोडलेली, तिच्या पिशवीत, खुर्चीमागच्या खिळ्याला. खाली कापडाच्या कातरणांचा ढीग. माझ्यातला पडदा फाटला. मी आधी फुसफुसले, पण मशिनींच्या खडखडाटात तिथे सगळेच बहिरे. वास मात्र धाकटीला आला. तिने वळून पाहिलं, तर पिशवीतून धूर.

शाळेत असताना मुलं तिच्या आवाजाला हसली होती. तेव्हापासून तिने चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, हे ताईच एकदा शेजारणीला सांगत होती. त्या दुपारी ती ओरडली. शब्द कळण्याजोगा नव्हता, पण आवाज असा की इस्त्रीवाल्या मावशींनी इस्त्री टाकून मान वर केली. धूर पाहून त्याही ओरडल्या, "आग! बाहेर पळा!" एकेक मशीन थांबली. धाकटीने कापड मोजायची लाकडी पट्टी पिशवीच्या बंदात अडकवली आणि मला अंगापासून लांब धरून अंगणात फरशीवर टाकलं. तिथे मी पेटले. माझ्याबरोबर तिचा फोनही गेला.

कातरणांना काही झालं नाही. पट्टी अडकवताना लागलेल्या धगीने तिच्या मनगटावर मात्र मोठा फोड आला.

ताई धावत आली. "सांगितलं होतं ना तुला!" असं म्हणाली आणि लगेच तिला कवटाळून रडायला लागली. "मीच मेली शनिवार, शनिवार करत बसले."

धाकटीने गळ्याला हात लावला. ओरडल्याने घसा दुखत होता. मावशी पाणी घेऊन आल्या. फोन नाही, तर हिच्याशी बोलायचं कसं? त्यांनी हातवारे करून पाहिले, बोटं नुसतीच हवेत नाचली. धाकटी हसली. फोडाचा हात सांभाळत तिने मावशींची बोटं धरून वळवली आणि 'दुखतंय का' हे कसं विचारतात ते दाखवलं. मावशींनी पुन्हा करून पाहिलं. मागे उभ्या बायकाही करू लागल्या.

मी गार झाल्यावर मला वाळूत घालून ताईने जुन्या बॅटऱ्या घेतात तिथे आणून दिलं. इथला माणूस हातमोजे घालून आम्हाला उचलतो. म्हणतो, "ही जळून मोकळी झाली. भीती आहे ती घरोघरी अजून वापरात असलेल्यांची."

तेवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडे एखादी फुगलेली असेल, तर तिला रबर लावू नका, चार्जिंगला लावू नका, कचऱ्यातही फेकू नका. जिथे घेतात तिथे विचारून, जपून पोचवा. आणि आजच जा.

मी आता निजते.